पंतांना घेऊन खोडाळ्यापर्यंत

मला ते जनावर कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज भरून आला तर कुणी म्हणायला नको की बाईंचा पहिल्यापासून त्याच्यावर जीव होता. नव्हता. हे, म्हणजे माझे मिस्टर, टेलिफोन खात्यातून रिटायर झाले त्या वर्षी मुंबईहून बुटाच्या खोक्यात घालून एक वीतभर हिरवा सरडा घेऊन आले. म्हणाले, “इग्वाना आहे. परदेशी.” मी म्हटलं, “का, देशी सरडे संपले?”

वीतभराचा बघता बघता चार फुटी झाला. गळ्याखाली लोंबती कातडी, पाठीवर करवतीसारखे दाते, आणि बसायची ऐट अशी की आत्ताच पगडी उतरवून ठेवलीय. ह्यांनी नाव ठेवलं पंत. मग सहा वर्षं आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत “पंत जेवले का?”, “पंतांचं काही बिनसलंय आज” असलं ऐकत मी पोळ्या लाटल्या. देवासाठी आणलेली जास्वंद पंतांच्या पोटात जायची. हे शीळ घालायचे आणि पंत मान वर करायचे. माझ्या हाकेला मात्र ढिम्म.

भांडण झालं ते गॅलरीवरून. ह्यांनी गॅलरीला जाळी मारून पंतांची सोय केली होती. कबुतरं, धूळ, खालून जाणाऱ्या पोरांचे चीत्कार, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी गॅलऱ्या बंद करून छान खोल्या काढलेल्या. आमचीच तेवढी उघडी, पिंजऱ्यासारखी. मी हट्टच धरला. शेवटी सरकत्या काचा बसवून घेतल्या, वरपासून खालपर्यंत. हे म्हणाले, “जरा मोकळं राहू दे ना गं.” पण माझ्यापुढे त्यांचं काय चालणार! नंतरही सकाळी खुर्ची टाकून बसले की अधूनमधून म्हणायचे, “एक काच सरकव ना थोडी.” मी म्हणायचे, “धूळ येते.”

त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळी झाल्यावर हे गेले. त्याच खुर्चीत, चहाचा कप हातात असताना. तेरावं झाल्यावर मुलगा पुण्याला परत निघाला तेव्हा म्हणाला, “आई, ते ध्यान देऊन टाक कुणाला तरी.” मी हो म्हटलं, पण दिलं नाही. ह्यांची शीळ ओळखणारं त्या घरात माझ्याखेरीज तेवढंच एक उरलं होतं.

डिसेंबर संपता संपता पंतांनी खाणं सोडलं. हात थरथरायला लागले, जबडा सुजला, चार पावलं टाकायची तर पोट फरशीवर घासत जायचं. आमच्याकडच्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनी दारातूनच बघितलं. “मावशी, मला यातलं कळत नाही. अंदाजाने काही दिलं तर पाप लागेल,” म्हणाले. पण भला माणूस. त्यांचा एक वर्गमित्र सापसरड्यांत काम केलेला होता. तो आता सरकारी नोकरीत, जव्हार नाहीतर मोखाड्याला. फोन? तिकडे मोबाइल लागत नाही म्हणे.

जव्हारला सुमन होती, माझी डी.एड.ची मैत्रीण. शाळेतून चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

जव्हार

लोक जव्हारला थंड हवा खायला, राजवाडा बघायला, सूर्यास्त बघायला जातात. मी ढोरांचा डॉक्टर शोधायला गेले. तेव्हा राजवाड्याचं वर्णन माझ्याकडून मिळणार नाही, मी तो झाडांआडून ओझरता पाहिला.

बांबूच्या करंडीत गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर ह्यांचा तपकिरी मफलर, त्यात पंत. थंडी लागली तर हे जनावर दगड होतं, एवढं मला माहीत होतं. भिवंडीला पिशवीतलं पाणी बदललं, वाड्याला बदललं. वाड्याच्या टपरीवाल्याने चहाचं आधण बाजूला ठेवून आधी माझं पाणी तापवून दिलं. “बाळ आहे का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “हो. सहा वर्षांचं.” त्याने करंडीत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. पाणी मात्र पुरतं तापवून दिलं.

विक्रमगडच्या पुढे नाक्यावर एसटी थांबली आणि वनखात्याचा एक गार्ड वर चढला. करंडीतून शेपूट बाहेर आलेलं. झालं! “बाई, घोरपड पकडणं गुन्हा आहे.”

“घोरपड नाही ही. इग्वाना आहे.”

“नाव काहीही ठेवा. घोरपड ती घोरपडच.”

“तीस वर्षं मास्तरकी केली मी. मला सरडा नि घोरपड कळत नाही?” मी आवाज चढवला. खरं म्हणजे मलाही कुठे फार कळत होतं! शेजारी डोक्याला फडकं गुंडाळलेला एक म्हातारा बसला होता, मांडीवर कोयता. तो वाकला, पंतांच्या तोंडाजवळ बोट नेऊन हळूच टकटक केलं. पंतांनी जीभ काढली.

“नाय साहेब,” म्हातारा म्हणाला. “घोरपडीची जीभ सापावानी, दोन टोकांची. याची बघ, माणसावानी हाय. ही आपल्या रानातली नाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “लई आजारी हाय गं बाय हा.”

गार्ड उतरून गेला. त्या सबंध प्रवासात आजार पहिला ओळखला तो त्या म्हाताऱ्याने, आणि मला एकदम रडू आलं. म्हाताऱ्याने खिडकीबाहेर बघत बसून माझी अब्रू राखली.

सुमन स्टँडवर आली होती. ह्यांचं मी तिला कळवलंच नव्हतं. कळवणार काय, पत्र लिहायला घेतलं की दुसरी ओळ सुचायची नाही. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातातून करंडी घेतली. “आधी याला चुलीपाशी ठेवू,” एवढंच म्हणाली. आमच्याकडे असतं तर “अगंबाई, कधी, कसं, काय झालं” सगळं जिन्यातच उरकलं असतं. सुमनने विचारलं ते भाकरी वाढताना. नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची, काळसर भाकरी, उडदाचं वरण आणि लसणीची चटणी. आणि विचारलं ते एवढंच, “फार त्रास झाला का गं त्यांना?” मी नाही म्हटलं. तिने दुसरी अर्धी भाकरी ताटात घातली. दोन महिन्यांत मी प्रथमच पोटभर जेवले.

सकाळी दवाखान्यात कळलं की डॉक्टरांकडे दोन्ही तालुक्यांचं काम आहे, आणि आज ते मोखाड्याला आहेत.

मोखाडा

सुमननेही किरकोळ रजा टाकली. जीपमध्ये मागे आम्ही नऊ जण, दोन कोंबड्या आणि पंत. तेव्हा हा सगळा आमचाच ठाणे जिल्हा. जिल्ह्याचं नाव मी जन्मभर पाकिटांवर लिहीत आले, पण त्याला असे डोंगर आहेत हे मला कुठे माहीत होतं! भात कापून झालेली खाचरं, मध्येच पळसाचं एखादं झाड, आणि थंडी अशी की बोटं वाकेनात. मी करंडी पदराखाली घेतली होती आणि मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडत होते. अहो, तुमची हौस, आणि वणवण माझी. आणलंत कशाला? आणलंत तर मागे ठेवून गेलात कशाला?

मोखाड्याला आठवड्याचा बाजार होता. सुकटीचे ढीग, मिठाच्या राशी, बांगड्या, आणि विळे-कोयत्यांपुढे उकिडवी बसलेली माणसं. घासाघीस आमच्यासारखी आरडाओरड करून नाही. बाई वस्तू उचलते, ठेवते, उठून जाते, परत येते. दुकानदार तेवढ्या वेळात दुसरं काहीतरी करत बसतो.

पशुवैद्यकीय दवाखान्यात भोये म्हणून गृहस्थ होते. लोक त्यांना “डाक्टर, डाक्टर” करत होते. एका बैलाच्या खुराला औषध लावून, हात धुऊन ते माझ्याकडे आले.

“ताई, मी डॉक्टर नाही,” त्यांनी आधीच सांगितलं. “मी पशुधन पर्यवेक्षक. लोक डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला नाही म्हणायचो, आता दमलो.”

“मग डॉक्टर कुठे आहेत?”

“सकाळीच खोडाळ्याच्या पाड्यांवर गेले. शेळ्यांचं लसीकरण आहे. दोन दिवस तिकडेच.”

मी करंडी बाकावर ठेवली. “तुम्हीच काहीतरी टोचा ना. ताकदीचं,” मी म्हटलं. अक्षरशः हात जोडले. भोयेंनी करंडीत वाकून पाहिलं.

“ताई, बैलाचं मला कळतं. चुकलं तरी बैल मोठा, सोसतो. याला मी हात लावला आणि हा गेला, तर तुम्ही मला काही बोलणार नाही, पण मला माहीत असेल ना.” एवढं बोलून ते थांबले नाहीत. सुमनची आई खोडाळ्याजवळच राहते हे कळल्यावर चिठ्ठी लिहून तिकडे जाणाऱ्या जीपवाल्याकडे दिली, आणि डॉक्टर सकाळी सुमनच्या आईच्या पाड्यावर येतील असं बघतो म्हणाले. पिशवीत गरम पाणीही त्यांनीच भरून दिलं. आपल्याला जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगणारी माणसं मला त्या आठवड्यात दोन भेटली. आमच्या स्टाफरूममध्ये तीस वर्षांत एकही भेटलं नव्हतं, आणि त्यात मी धरून.

खोडाळा

सुमनच्या आईचा पाडा खोडाळ्याच्या बाजारापासून कोसभर आत. कुडाचं घर, शेणाने सारवलेलं मोठं अंगण, कडेला शेवगा. म्हातारीला मी वाकून नमस्कार केला तर तिने माझे खांदे धरून मला सरळ केलं. “बस. चा घे,” म्हणाली. इथे लहानथोर सगळ्यांना अरेतुरेच. पहिल्यांदा कानाला खटकतं, दुसऱ्या दिवशी वाटतं की किती वर्षांत आपल्याला कुणी “तू” म्हटलेलं नाही.

सकाळी जाग आली तर करंडी जागेवर नाही. बाहेर धावले. अंगणात नागली वाळत पसरलेली, आणि तिच्या कडेला गोणपाटावर पंत. म्हातारी शेजारी काठी घेऊन कोंबड्या हाकत होती.

“अहो आई, बाहेर गारठा आहे!” मी ओरडले.

“ऊन आलं ना. ऊन खाऊ दे त्याला,” म्हातारी म्हणाली. “पोर कोवळं असलं तरी उन्हात घालावं, म्हातारं झालं तरी घालावं. तुझ्या घरी ऊन नाय येत?”

“येतं की. भरपूर येतं. काचेतून येतं.”

“काचेतून?” तिने विचारलं, आणि एक कोंबडी हाकलली.

पंतांचा रंग पालटत होता. करडा पडलेला हिरवा आधी काळपट झाला, मग हळूहळू पाठ तरतरीत हिरवी दिसायला लागली. मग त्यांनी मान उचलली, आणि गळ्याखालची ती लोंबती कातडी पुरी पसरली, पूर्वी जाळीत बसून पसरायचे तशी. मी ती दोन वर्षांत पाहिली नव्हती. मी सुमनला हाका मारल्या, “अगं ये, बघ, पंत बरे झाले!” शेवग्याचा पाला तोडून पुढे धरला. पंतांनी एक पान घेतलं. चावता येईना, सुजल्या जबड्यात ते तसंच अडकून राहिलं, पण घेतलं.

दहाच्या सुमारास मोटारसायकलवर डॉक्टर आले. मेश्राम, नागपूरकडचे, तिशीचे असतील. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. करंडी, मफलर काही न बघता सरळ पंतांपाशी अंगणात मांडी घालून बसले. एका बोटाने जबडा दाबला. तो दबला, रबरासारखा. मागचे पाय चाचपले, पाठीवरून हात फिरवला. मग मला विचारायला लागले.

“काकू, खायला काय देता?”

“पालेभाजी, दुधी, जास्वंद. ह्यांनी सगळं वाचून ठरवलं होतं. एक दिवस चुकवलं नाही.”

“खाणं बरोबर आहे. ऊन?”

“रोज. पूर्वेची गॅलरी आहे आमची. साडेसात ते दहा.”

“उघडी?”

“होती. आता बंद करून घेतलीय. काचा आहेत. पण ऊन सगळं येतं आत, अगदी चटका बसतो.”

डॉक्टरांचा हात पंतांच्या पाठीवर तसाच थांबला. “किती दिवस झाले काचा लावून?”

“दोन वर्षं.”

त्यांनी गोणपाटाची घडी सारखी केली. मला वाटतं, कसं सांगावं ते जुळवत होते. “काकू, काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण हाडं घडायला उन्हातलं जे लागतं, ते काचेच्या बाहेरच राहतं. याची हाडं मऊ पडलीत. हळूहळू. बाहेरून कळत नाही.”

मी म्हटलं, “पण ऊन तर यायचं हो.” पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला गेले तेव्हा सुमनने माझा हात धरला.

सगळा रस्ताभर मी ह्यांना बोल लावत आले होते. तुमची हौस, तुमचं जनावर. आणि हे बिचारे जाळी मारून बसले होते, जाळीतून ऊन येत होतं, वारा येत होता, पंत फुलत होते. काचा माझ्या. हट्ट माझा. पडदे कुठल्या रंगाचे लावायचे म्हणून मी आठ दिवस दुकानं पालथी घातली होती, आणि तेवढ्यात इकडे याची हाडं विरघळायला लागली असतील. “एक काच सरकव ना.” किती वेळा म्हणाले असतील? एकदा, एकदा जरी मी ती सरकवली असती!

“वाचेल का?” मी विचारलं.

डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, अगदी थेंबभर, इतक्या हलक्या हाताने की पंतांनी डोळासुद्धा मिटला नाही. “आज, उद्या उन्हातच राहू द्या. मी उद्या परत येतो. पण काकू, मी खोटं नाही बोलणार. फार उशीर झालाय.” जाताना ते पुन्हा वळून आले. “यात तुमची चूक नाही. नव्वद टक्के लोक हेच करतात,” म्हणाले. हे समजूत घालायला म्हणाले, मला कळत होतं. शाळेत मीही नापास मुलांना असंच सांगते.

तो सबंध दिवस मी अंगणात बसून होते. ऊन सरकलं की गोणपाट सरकवायचं, एवढंच काम. म्हातारीने मला सुपात नागली निवडायला दिली, बहुधा माझे हात रिकामे राहू नयेत म्हणून. मधूनमधून ती पाड्यावर आलेल्या कुणाकुणाला सांगायची, “हिच्या नवऱ्याचा हाय.” येणारं माणूस पंतांकडे बघायचं, माझ्याकडे बघायचं, आणि थोडा वेळ टेकून जायचं. कुणी हसलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये या प्राण्यावरून किती हशा पिकला होता! त्यातला निम्मा मीच पिकवला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तेव्हा पंतांनी मान उचलली नाही. मी जवळ गेले. मला शीळ घालता येत नाही, बायकांनी घालू नये असं लहानपणी आईने शिकवलेलं. तरी ओठांचा चंबू करून प्रयत्न केला. नुसता वारा आला. दोनतीनदा केल्यावर एकदा कशीबशी वाजली, ह्यांच्यासारखी नाही, पण वाजली. पंतांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं. एवढंच. डॉक्टरांची मोटारसायकल आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ते हेल्मेट काढून गोणपाटापाशी उभे राहिले.

शेवग्याखाली म्हातारीने स्वतः खणलं. मी पंतांना मफलरमध्ये गुंडाळलं. म्हातारी म्हणाली, “मफलर चांगला हाय गं. ठेव तुला.”

“त्यांचा आहे,” मी म्हटलं.

“नवऱ्याचा?” तिने थोडा विचार केला. “बरं मग. जाऊ दे त्याच्यासंगं.”

मग मी रडले. ह्यांच्या वेळी माणसांचं चहापाणी बघण्यात राहून गेलं होतं ते सगळं त्या अंगणात रडले. सुमन आणि तिची आई दोन बाजूंना बसून राहिल्या. गप्प राहा, सावर, असलं काही कुणी म्हटलं नाही.

परत

येताना कसाऱ्याच्या वाटेने आले. घाट, दरी, सगळं असेल. मी पाहिलं नाही. रिकामी करंडी मांडीवर होती, आणि म्हातारीने तिच्यात दोन शेर नागली घातली होती.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते काचा बसवणाऱ्या कारागिराला बोलावण्याचं. तोच तो, दोन वर्षांपूर्वीचा. गॅलरीत उभा राहून त्याने ह्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग काचांकडे पाहिलं. त्याला काही उमगेना.

“सगळ्या काढायच्या, मॅडम? तुम्हीच तर मागे लागून बसवून घेतल्या होत्या. एक बाजू तरी राहू द्या. धूळ येईल.”

“काढा,” मी म्हटलं. “फार उशीर झालाय. पण काढा.”